आगाऊ उपकारस्तुती

देवाचे आभार मानायची आमच्या शेजाऱ्यांइतकी घाई झालेला माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात सापडणार नाही, आणि भीमा ओलांडून पलीकडे शिरूर तालुक्यात शोधायला गेलात तरी हात हलवत परत याल. हे मी अंदाजानं बोलत नाही. माझी सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून न्हावरे, मांडवगण फराटा आणि त्या अंगच्या गावांत गेली. देवाकडे मागणारी माणसं मी ढिगानं पाहिली, देवाला नावं ठेवणारी पाहिली, आणि काम झाल्यावर नवस फेडायला टाळाटाळ करणारी तर घरोघर पाहिली. पण काम व्हायच्या आधीच आभार मानून मोकळा होणारा, आणि वर चार माणसांना जेवायला बोलावून ते आभार जाहीर करणारा इसम मला भेटला तो निवृत्तीनंतर केडगावात घर बांधल्यावर, भिंतीला भिंत लागून. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणतो. ते मला भाऊसाहेब म्हणतात, कारण ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणायची रीत आहे आणि माझी निवृत्ती त्यांनी कधी मनावर घेतलेली नाही.

आप्पा ख्रिस्ती. केडगावातलं मिशन जुनं, त्यामुळे इथं ख्रिस्ती कुटुंबांचं कुणाला नवल वाटत नाही. त्यांच्यात उपकारस्तुतीची एक चांगली चाल आहे. घरचं माणूस दुखण्यातून उठलं, पोराला नोकरी लागली, नवं घर झालं, की चर्चच्या मंडळींना घरी बोलवायचं. चार गाणी म्हणायची, पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, प्रार्थनेत देवाचे आभार मानायचे, आणि मग ऐपतीप्रमाणे चहा-पोहे किंवा जेवण. सगळं कसं रीतसर. आधी काम, मग आभार. माझ्यासारख्या कागदोपत्री जन्म काढलेल्या माणसाला हा क्रम पटतो. आप्पांनी फक्त क्रम उलटा केला होता. आधी आभार, मग कामाची वाट. मी एकदा न राहवून विचारलं, की आप्पा, हे कोणत्या नियमात बसतं? तेव्हा ते म्हणाले, "काम झाल्याव आभार मानलं तर त्ये हाटेलात खाऊन बिल भरल्यावानी झालं, भाऊसाहेब. त्यात काय इशेष? आधी मानलं तर त्याला इस्वास म्हन्त्यात."

त्यांच्या बोअरची गोष्ट घ्या. घरामागच्या तुकड्यात बोअर घ्यायचं ठरलं. मशिनवाल्याची गाडी दुपारी येणार होती, तर आप्पांनी सकाळीच उपकारस्तुती उरकून घेतली. बाभळीखाली सतरंजी टाकली, वीसेक माणसं बसली, पाण्याबद्दल देवाचे आभार मानून झाले आणि सगळ्यांना गोड शिरा वाटला. दुपारी गाडी आली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीवर पांढरी धूळ उडाली, माझ्या बायकोचे वाळत घातलेले पापड त्या धुळीनं माखले, आणि पाण्याचा थेंब लागला नाही. मशिनवाला पाइप गोळा करत होता. आता हा माणूस खचणार म्हणून मी दोन शब्द धीराचे बोलायला गेलो. आप्पा भोकाशी वाकून आत बघत होते. "पानी हाय," ते म्हणाले. "खाली हाय. आपुन वर हाय, एवढीच अडचन हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखेच सार्वजनिक नळावर हंडे घेऊन यायला लागले, ते सुद्धा असे, की जणू काही ही व्यवस्था तात्पुरती आहे.

त्या काळात ते वडाप चालवत. म्हणजे न्हावऱ्याहून केडगाव स्टेशनपर्यंत माणसं वाहणारी जीप. तिच्यात नऊजण बसावेत अशी जीप बनवणाऱ्याची इच्छा होती, पण आप्पांचा आशावाद इथंही आडवा येई. निघायच्या आधी ते स्टिअरिंगवर हात ठेवून, डोळे मिटून, सुखरूप पोचवल्याबद्दल देवाचे आभार मानत. नवा प्रवासी त्यानं घाबरायचा, जुने तंबाखू मळत बसायचे. एकदा मांडवगणच्या अलीकडं जीप अशी बंद पडली की काही केल्या हलेना. उसाची वाहनं शेजारून धुरळा उडवत चाललेली, उन्हाचा तडाखा, आणि सगळ्यांना गाडी गाठायची. एक पैलवान गडी खाली उतरून म्हणाला, "आप्पा, पोचवल्याबद्दल आभार मानलंत न्हवं तुमी? मग आता आमी चालत का निघालोय?" आप्पा बॉनेटमध्ये डोकं घालूनच म्हणाले, "पोचल्याव सांग, पोचलास का न्हाई त्ये." तो गडी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून खरंच पोचला. पुढच्या आठवड्यात भेटल्यावर आप्पांनी त्याला तेवढीच आठवण करून दिली आणि आपल्या हिशेबी हे प्रकरण निकालात काढलं.

कमाल झाली ती लेकीच्या लग्नाच्या वेळी. लेक नर्सिंग शिकून पुण्याला नोकरीला लागलेली. एके दिवशी आम्हाला उपकारस्तुतीचं बोलावणं आलं, लेकीचं लग्न जमल्याबद्दल. माझ्या बायकोनं आहेराला साडी घेतली. जेवणं चांगली झाली, मटणाचा रस्सा तर असा होता की मी दोनदा भात घेतला. हात धुता धुता कुणीतरी विचारलं, की पोरगा काय करतो? आप्पा म्हणाले, "कुटला?" अहो, नवरदेव. "त्यो ठरायचाय," आप्पा म्हणाले आणि टॉवेल पुढं केला. लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. माझ्या बायकोनं साडी तशीच पिशवीतून परत आणली. पण खरी गंमत पुढंच आहे. त्या पंगतीत दौंडचं एक कुटुंब होतं, त्यांचा मुलगा रेल्वेत होता. घरी जाताना ते नवरा-बायको आपसात बोलले, आणि वर्षाच्या आत तोच मुलगा आप्पांचा जावई झाला. त्यानंतर आप्पांना समजावण्यात अर्थ राहिला नाही. कोरड्या बोअरची आठवण कुणी काढली, की ते जावयाकडं बोट दाखवत.

या सगळ्या कारभाराला घरातून एकच लगाम होता, तो म्हणजे आक्का, त्यांच्या पत्नी. आक्का मिशनच्या आवारात वाढलेल्या, तिथंच शिकलेल्या. त्यांचं बोलणं शुद्ध, शिस्त कडक आणि गळा असा, की मी धर्मानं त्यांचा कुणी लागत नसताना रविवारी सकाळी पेपर घेऊन चर्चच्या बाजूला फिरायला जाई. चर्चमधलं गाणं त्यांच्या हातात होतं. पेटी त्या वाजवत, आवाज त्या लावत, आणि कुणाचा सूर हलला की पेटी तिथल्या तिथं थांबवून म्हणत, "चुकलं. पुन्हा." समोर पाळकसाहेब असोत नाहीतर पाहुणे. सर्वात जास्त वेळा हे ऐकून घेणारे अर्थातच आप्पा. ते गातानाही घाईत असत. ओळ संपायच्या आधी पुढची ओळ धरायची, वर जायचं तिथं आधीच वर जाऊन इतरांची वाट बघत थांबायचं. आक्का पेटी थांबवत, चष्म्यावरून त्यांच्याकडं बघत आणि म्हणत, "चुकलं." आप्पा मान खाली घालून हसत. संसारात एवढं बोलणं खाऊन इतका खूश राहणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या उन्हात, दोरीवर धुणं वाळत घालता घालता आक्का खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. आधी दौंडला नेलं, तिथून पुण्याला. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. बऱ्याच दिवसांनी त्यांना घरी आणलं. जीप तोवर विकली गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पाय थोडाफार हलेल, बोलण्याचं मात्र काही सांगता येत नाही. कळतं त्यांना सगळं, फक्त शब्द येत नाहीत. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा आक्का खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आमच्याकडं नीट ओळखीनं बघत होत्या. माझ्या बायकोला रडू आलं. मीही छताकडं बघत बसलो. आप्पा आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "जानेवारीचा पयला रविवार मोकळा ठिवा. उपकारस्तुती हाय."

"कशाची?" मी विचारलं, पण विचारायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं.

"आक्का गायला लागल्याची."

मला त्या माणसाचा रागच आला. म्हटलं, आप्पा, बोअर वेगळं, जीप वेगळी. इथं जरा थांबा. उद्या नाहीच झालं तर चार लोकांसमोर त्या बाईला काय वाटेल? आप्पा शांतपणे म्हणाले, "थांबाया काय झालं? येळ लागंल म्हणूनच आधी सांगून ठिवतोय." पाळकसाहेब तरुण आणि समजूतदार, त्यांनीही प्रयत्न केला. घडलेल्या गोष्टीबद्दल आभार मानतात आणि न घडलेल्या गोष्टीसाठी विनंती करतात, हा फरक त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्या देखत समजावून सांगितला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी शिकल्याली मान्सं. इनंती तुमी करा, आभार मी मानतो. दोनी बराबरच जाऊ द्या वर." पाळकसाहेब माझ्याकडं बघून हताश हसले.

त्या पहिल्या जानेवारीत घर भरलं होतं. आक्कांना नवी साडी नेसवून खाटेवर बसवलं होतं. त्यांच्या केसांचा भांग वाकडा होता, कारण वेणी आता आप्पा घालत. ते सगळंच करत. आंघोळ घालत, घास भरवत, औषधं देत, दुपारी खाट दारात ओढून उन्हात बसवत. न्हावऱ्याच्या रस्त्यावर हॉर्न बडवण्यात आयुष्य गेलेल्या त्या हातांना वेणीचे तीन पेड काही केल्या जमत नसत. आक्का आरशात बघून कपाळाला आठी घालत, आणि आप्पा वेणी सोडून पुन्हा घालत. त्या रविवारी लोक पोटभर गायले, पाळकसाहेबांनी दोन्ही बाजू सांभाळून प्रार्थना केली, आणि जाताना प्रत्येकानं आक्कांचा हात हातात घेतला. आक्का काही बोलल्या नाहीत.

मग सकाळच्या रियाझाला सुरुवात झाली. रोज सकाळी चहा झाला की आप्पा आक्कांची पेटी खाटेसमोर मांडून बसत आणि गात. आता आप्पांना पेटी येत नाही, हे एक. आणि आधी ते निदान घाईत चुकत, आता ते जागोजागी, मन लावून चुकायला लागले. चांगलं चाललेलं गाणं भलत्याच पट्टीत नेऊन सोडत. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. आठ दिवस मी सोसलं, नवव्या दिवशी फाटकाशी गाठून म्हटलं, आप्पा, माझी काही तक्रार नाही, पण सकाळच्या प्रहरी हे कशासाठी? त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज बारीक करून सांगितलं, "मुद्दाम गातोय. चुकल्यालं गानं तिला सोसत न्हाई, तुमाला ठावं हाय. आज न्हाई तर उद्या तिला ऱ्हावनार न्हाई. चुकलं, म्हनंलच. एवढा एक शब्द आला की बाकीचं मागनं येत्यात." मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं त्या दिवसापासून खिडकी लावणं बंद केलं. मीही पेपर घेऊन ओट्यावर बसू लागलो आणि त्या बेसूर गाण्याच्या मधल्या शांततेकडं कान लावू लागलो. ते थांबत, आक्कांकडं बघत, जरा वाट बघत, आणि पुढचं कडवं धरत.

दरम्यान सल्ले देणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. माझ्याच भावकीतल्या एकानं त्यांना एका जागृत ठिकाणाचा पत्ता दिला. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "तिथं बी लई गर्दी असती म्हनं. आमचं प्रकरन एकीकडंच दाखल हाय, तिथंच ऱ्हाऊ द्या." ते तरी परवडलं. शिरूरकडचे एक नातेवाईक आले, ते दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या प्रार्थनासभेला जाणारे. त्यांनी आक्कांच्या समोरच बसून सांगितलं, की तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून काम अडलंय. माझ्या जिभेवर काहीतरी भलतंच आलं होतं. आप्पांनी आक्कांच्या खांद्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाले, "असंल कमी. हाय तेवढा समदा लावलाय." त्या पाहुण्यांना त्यांनी स्टेशनपर्यंत पोचवलं सुद्धा. पण पाहुण्यांना सोडून आल्यावर ते घरी न जाता आमच्या ओट्यावर येऊन बसले. माझ्या बायकोनं पाणी दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं आणि आक्कांच्या औषधाची वेळ झाली म्हणून उठले.

दुसऱ्या जानेवारीला माणसं निम्मी आली. तिसऱ्या जानेवारीला, म्हणजे याच वर्षी, आप्पांनी पहिल्यासारखाच घाट घातला. पहाटेपासून मोठं पातेलं चुलीवर, अंगणात सतरंज्या, दाराला फुगे. सांगितलेली वेळ झाली तेव्हा सतरंजीवर मी, माझी बायको आणि मिशनमधल्या एक म्हाताऱ्या बाई एवढेच होतो, आणि त्या बाईंना कमी ऐकू येतं. लेकीला सुट्टी मिळाली नव्हती. पाळकसाहेबांचा फोन आला, की शिरूरला मयत झालीय, ते तिकडं निघालेत. आप्पा फाटकाशी जाऊन रस्त्याकडं बघत आणि आत येऊन म्हणत, "येतीलच." तासभर गेला. रस्सा गार व्हायला लागला. कुणी आलं नाही.

शेवटी आप्पा म्हणाले, "चला, करू या सुरू." आक्का खाटेवर बसल्या होत्या. आप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, "हे प्रभू." एवढंच. पुढं काही येईना. आम्ही डोळे मिटून थांबलो. मी जरा वेळानं किलकिले करून बघितलं, तर आप्पांचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. ज्या माणसानं कोरड्या भोकाबद्दल, बंद पडलेल्या जीपबद्दल आणि नसलेल्या नवरदेवाबद्दल देवाचे आभार मानले होते, त्याला शब्द सापडत नव्हता. आक्का एकटक त्यांच्याकडं बघत होत्या. त्या नवरा-बायकोची, आता दोघांचीही, वाचा गेली होती, आणि मला ते बघवेना. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं पुन्हा ढोसलं.

माझा देवाशी संबंध गणपतीतल्या आरतीपुरता, तोही टाळ्या वाजवण्यापुरता. पण मी उठलो. उठल्यावर लक्षात आलं, की प्रार्थना कशी करतात हेच मला ठाऊक नाही. तोंडाला जी भाषा सवयीची होती तीच आली. मी म्हणालो, "माननीय प्रभू यांच्या सेवेशी. सविनय सादर करण्यात येते की, सदर घरातील आक्कांचे गाणे पूर्ववत सुरू होणेबाबत आपणाकडे यापूर्वी दोन वेळा आगाऊ आभार मानण्यात आलेले आहेत. अद्याप कार्यवाही झालेली दिसून येत नाही. तथापि अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. अर्जदार रोज सकाळी स्वतः हजर राहून पाठपुरावा करीत आहेत, त्यास मी शेजारी या नात्याने साक्षीदार आहे. तरी याही वर्षीचे आभार स्वीकारण्यात यावेत आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत बंद करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती." मग काय म्हणतात ते आठवेना, म्हणून म्हणालो, "कळावे." आणि बायकोनं पुन्हा ढोसल्यावर, "आमेन."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घशातून आलेला, तुटक, दोन-तीन हिसक्यांचा. आक्कांचे खांदे हलत होते आणि तोंडाची डावी बाजू वर गेली होती. आप्पा झटकन गुडघ्यावर बसले आणि त्यांचा चेहरा हातात धरला. "हसली," ते म्हणाले. "भाऊसाहेब, हसली ही." मला विचाराल तर तो ठसका होता. मी नोकरीत पंचनामे पुष्कळ केलेत, दिसलं नाही ते लिहायची मला सवय नाही. पण माझी बायको शपथेवर सांगते की हसल्या, आणि कमी ऐकू येणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईही म्हणाल्या, की हसल्या. तीन विरुद्ध एक म्हटल्यावर मी गप्प बसलो. आप्पांचे डोळे भरले होते आणि वाचा सुटली होती. त्यांनी उभं राहून अशी लांबलचक उपकारस्तुती केली, की रस्सा पुन्हा गरम करावा लागला. उरलेलं जेवण आम्ही चौघांनी वस्तीभर वाटलं.

त्यानंतरचे काही महिने सकाळचं गाणं आणखी जोरात चाललं. उन्हाळा लागला. मे महिन्यातल्या एका सकाळी मी पेपर घेऊन ओट्यावर बसलो आणि पेटी वाजलीच नाही. आक्का झोपेतच गेल्या होत्या. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही.

मातीला त्या दिवशी खूप माणसं आली. जानेवारीत न आलेलीही आली, त्यांची तोंडं उतरलेली होती. शिरूरचे पाहुणेही मागं उभे होते. दफनभूमीत पाळकसाहेबांचं वाचन झालं आणि गाणं सुरू करायची वेळ आली, तेव्हा सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण आवाज लावायचा तो आक्कांनी, ही तिथली कायमची पद्धत. मग आप्पांनी आवाज लावला. आक्कांचंच आवडतं गाणं. मी मनाची तयारी केली, की आता हे कुठंतरी घाई करणार, कुठंतरी पट्टी सोडणार. ते कुठंच चुकले नाहीत. ओळ जिथं संपायची तिथं संपली, वर जायचं तिथं सगळ्यांच्या बरोबर वर गेले, शेवटचा सूर जेवढा धरायचा तेवढाच धरला. इतकं नीट गाणारा माणूस मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. म्हणजे हे एवढी वर्षं, जीप होती तेव्हापासून, मुद्दाम चुकत होते की काय, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारवलं नाही.

पावसाळा गेला, नाताळ जवळ आला. लेक त्यांना पुण्याला चला म्हणून मागं लागली होती, ते गेले नाहीत. परवा संध्याकाळी आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. आप्पा बारीक झालेत, पण दाढी नीट केलेली होती. मी म्हटलं, कसं चाललंय? म्हणाले, "भांडन चाललंय त्याच्यासंगं. रोज भांडतो. पर बोलनं बंद न्हाई केलं." मला बरं वाटलं. ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्यावरचा विश्वास गेला असं कसं म्हणायचं. मी जरा चाचरतच विचारलं, की मग जानेवारीचा पहिला रविवार मोकळा ठेवायचा ना?

आप्पांनी रस्त्याकडं बघितलं. स्टेशनकडून माणसं घरोघर परतत होती.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्या बाबतीत आता आगाऊ न्हाई, भाऊसाहेब. ती गानारच हाय, तिथं वर. पर हे आभार मी तिचं गानं ऐकल्याबिगर मानायचा न्हाई. मी जाईन, ऐकीन, आन् मग मानीन. समोरासमोर."

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांचा क्रम सरळ झाला होता. मी मान हलवली आणि घरात आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, उपकारस्तुती आहे, फक्त अवकाश आहे. आता राहून राहून एवढंच वाटतं, की त्या उपकारस्तुतीला शेजाऱ्यांना बोलावणं आहे का, हे विचारायचं राहून गेलं.